अख्ख्या बॅचची एक आत्या

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाड्यांच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर मी दोन वर्षं जपानी शिकवलं. शिकवलं हा शब्द जरा मोठा झाला. शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, लेकीकडे पुण्याला जाऊन राहिले, तिथं दुपार जाता जात नव्हती म्हणून जपानीचा क्लास लावला आणि खालच्या दोन परीक्षा पास झाले, एवढीच माझी पुंजी. पुण्यात तेवढ्यावर मला कुणी चहासुद्धा विचारला नसता. इथं परत आले तर एकदम 'जपानीच्या मॅडम' झाले. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, ते माझ्याइतकं क्वचितच कुणाला लागू पडलं असेल.

क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणत. कशाचे सर, हे कुणी विचारलं नाही. त्याच जागेत त्यांनी आधी अबॅकस चालवलं, मग स्पोकन इंग्लिश, मग पोलीस भरती. पोलीस भरतीच्या वेळचा उंची मोजायचा पट्टा अजून भिंतीवर होता आणि त्याच्या शेजारी आता फुजी पर्वत लावला होता. जपानमध्ये म्हातारी माणसं फार झाली आहेत आणि त्यांना सांभाळायला तरुण माणसं हवी आहेत, ही बातमी सरांना लागली आणि महिन्याभरात खाली बोर्ड आला, 'सहा महिन्यांत जपान'. पी हळद अन् हो गोरी.

मी आक्षेप घेतला. म्हटलं, सहा महिन्यांत लिपीसुद्धा होणार नाही, त्यांच्या तीन तीन लिप्या आहेत. सर म्हणाले, "मॅडम, लिपी किपी छोडो. रोजचं बोलायचं दोनशे वाक्य द्या. बच्चे पाठ करते. आपल्या पोरांना पाठांतराला तोड नाय."

हे मात्र खरं निघालं. फुलंब्री, खुलताबाद, पैठण अशा सगळ्या बाजूंनी पोरंपोरी यायची, कुणी नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली, कुणी बीए होऊन घरी बसलेली. वह्यांत देवनागरीत लिहून घ्यायची. ओहायो गोझाइमास, म्हणजे सुप्रभात. ते संध्याकाळी सहाच्या बॅचलाही मला सुप्रभातच म्हणत, कारण वहीत ते पहिलं होतं. सगळ्यात अवघड गेलं ते वाकणं. जपानी माणूस कमरेतून वाकतो, हात मांडीला लावून. आमची पोरं वाकली की हात आपोआप माझ्या पायाकडे जायचे. आठवडाभर मी पाय मागं घेत घेत फळ्याला टेकले.

काही गोष्टी मात्र शिकवाव्याच लागल्या नाहीत. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतो'. आमच्या घराघरांत नुसतं 'जातो' म्हटलं की आया अजूनही दटावतात. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. 'चोत्तो', म्हणजे 'थोडं...', असं म्हणून वाक्य अर्धं सोडतो आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. हे तर आमच्या रक्तातच आहे. 'बघू', 'करू की', 'सांगतो तुम्हाला' एवढ्यावर इथं सोयरिकी मोडतात. आणि म्हाताऱ्या माणसाची देखभाल करण्याला त्यांच्याकडे शब्द आहे 'सेवा'. तो ऐकल्यावर सरांना इतका आनंद झाला की त्यांनी पत्रकातच छापलं, 'जपानी म्हणजे मराठीच!'

ज्या बॅचचं मी सांगतेय ती बारा जणांची होती. त्यात फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातून एक मुलगी यायची. सहा महिन्यांत तिची एकही बस चुकली नाही. बोलायची कमी, विचारायची नेमकं. काम संपवून निघणाऱ्याला 'ओत्सुकारेसामा' म्हणायचं, म्हणजे 'दमलात, फार कष्ट घेतलेत', असं मी शिकवलं तेव्हा ती म्हणाली, "हे कुणी कुणाला म्हणायचं, मॅडम?"

"सगळ्यांनी सगळ्यांना. काम झालं की."

"बाईला पण?"

म्हटलं, बाईला पण. तिनं ते वाक्य वहीत दोनदा लिहिलं.

तिच्या घरचा हिशेब सरळ होता. वडील नव्हते, मोठा भाऊ शेती बघत होता आणि हिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. भावानं तिला सांगितलं होतं, "एक डाव बघ तुझं जपान. झालं तर झालं. नाय झालं तर मंग पाव्हण्यांना होकार देतो, पुन्हा तोंड उघडायचं नाय." भाऊ वाईट नव्हता. एक डाव देणारेही भाऊ थोडेच असतात. पण डाव एकच होता, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

मुलाखत जपानमधल्या एका वृद्धाश्रमाची होती, संगणकाच्या पडद्यावर. प्रश्न सगळ्यांना ठाऊक होते. नाव काय, गाव कुठलं, मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, हे काम तुम्हाला का करायचं आहे? मी सराव घ्यायला लागले. पहिला उठला आणि म्हणाला, जपान हा स्वच्छ देश आहे. दुसरा उठला, जपान हा फार स्वच्छ देश आहे. तिसरीनं त्यात शिस्त घातली. मी म्हटलं, अरे, त्यांना झाडूवाला नको आहे, म्हाताऱ्या माणसाला उठवणारा, बसवणारा, भरवणारा माणूस हवा आहे. तुमच्यापैकी कुणी कुणाला सांभाळलंय का कधी? मराठीत सांगा.

ती उठली. तिची आत्या लकवा होऊन तीन वर्षं त्यांच्याकडे पडून होती. आत्याला सासर राहिलं नव्हतं. आईला गुडघ्यामुळे वाकता येत नव्हतं, तेव्हा सगळं हिच्याकडे आलं. "दर दोन तासाला कूस बदलायची, मॅडम. नाय बदलली तर पाठीला जखमा होतेत. पर न सांगता हात लावला की आत्या दचकायची. मंग मी आधी सांगायचे, आत्या, आता डाव्या अंगाला घेते, आत्या, आता पाय उचलते. बोलता येत नव्हतं तिला, पर ऐकायची. चहा पाजायचा तर आधी मी तिच्यासमोर एक घोट घ्यायचा, मंगच तोंड उघडायची. लहानपणी मला तसंच पाजायची म्हणे ती. अन् कटाळा आला की चांगल्या हातानं बाजेवर दोनदा टिचकी मारायची. मंग मी तिला दारात आणून बसवायचे, लोकं बघायला."

अंगाला हात लावण्याआधी सांगायचं, हा जपानमधल्या या कामाचा पहिला नियम आहे. त्यावर त्यांच्या पुस्तकात एक पूर्ण धडा आहे. हिनं तो धडा एका बाजेशेजारी स्वतःच लिहिला होता. मला त्या पोरीचा अभिमान वाटला, आणि लगेच मास्तरकीचा किडा वळवळला. घरी गेले आणि तिच्या आत्याची पाच जपानी वाक्यं केली. माझी आत्या लकव्यानं आजारी होती. तीन वर्षं मी तिची सेवा केली. रोज तिच्याशी बोलत असे. गेल्या वर्षी ती वारली. म्हणून मला हे काम करायचं आहे. चहाचा घोट आणि टिचकी मी गाळली. टिचकीला जपानीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद सरांनी पाहिला. त्यांचे डोळे चमकले. "क्या बात है, मॅडम. याची बारा झेरॉक्स मारतो."

मी नको म्हणाले नाही, हे इथं स्पष्ट लिहिते. उलट वर म्हटलं, नमुना म्हणून द्या, ज्यानं त्यानं आपापलं बदलावं. जन्मभर मराठी शिकवून मी हे वाक्य बोलू शकले, याचं आज मलाच आश्चर्य वाटतं. आपल्याकडे नमुना बदलायचा नसतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? 'माझी आई' या निबंधात गाइडमधली आई बँकेत नोकरीला होती, तर माझ्या वर्गातल्या चाळीस आया वर्षानुवर्षं बँकेत नोकरीला होत्या. त्यातल्या निम्म्या कापूस वेचायला जायच्या आणि अंगठा लावायच्या. पोरांनी पाच ओळींत त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मी त्या प्रत्येक बँकवाल्या आईला दहापैकी सात गुण दिले. अक्षर चांगलं असेल तर आठ.

झेरॉक्स हातात पडल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. "सगळ्यांनी हेच म्हणायचं?"

"अगं, नमुना आहे. प्रत्येक जण आपलं घालेल."

तिनं मागं वळून वर्गाकडे पाहिलं. अकरा जणं डोळे मिटून, पुढंमागं डुलत माझी आत्या, माझी आत्या करत होती. ती झेरॉक्सची घडी घालून जागेवर जाऊन बसली. मोठ्यांनी हो म्हटल्यावर त्यावर बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. ती पद्धत त्या दिवशी मला फार सोयीची पडली.

मुलाखतीच्या दिवशी सगळे पांढरा शर्ट, काळी पँट घालून आले. क्रम मी लावला होता. तिला मी शेवटी ठेवलं, शेवट गोड तर सगळं गोड, या विचारानं. एकेकानं आत यायचं, वाकायचं, बसायचं. कोपऱ्यात मी, संगणक बंद पडू नये म्हणून. पडद्यावर वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई होत्या, पन्नाशीच्या, केस मागं बांधलेल्या. आणि त्यांच्या शेजारी हिंदी येणारा एक दुभाषा; ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र जपानीतच द्यायची होती.

पहिल्या मुलाची आत्या वारली तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं, मान झुकवली आणि 'गोशूशोसामा देसु' म्हणाल्या. ते दुःखात असलेल्या माणसाला म्हणायचं वाक्य. ते आम्ही शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे मुलगा प्रसन्न चेहऱ्यानं 'हाई', म्हणजे 'हो', म्हणाला. दुसऱ्या मुलीची आत्या वारली. बाई पुन्हा झुकल्या, थोड्या कमी. तिसऱ्याची आत्या वारल्यावर त्यांनी दुभाष्याकडे पाहिलं. चौथ्याला त्या नुसतं 'सोऽ देसु का' म्हणाल्या, म्हणजे 'असं का'. आपल्या 'असं का'मध्ये जे जे येतं ते सगळं त्यात होतं.

सातवा खुलताबादचा एक पोरगा होता, बॅचमधला हुशार. त्याला बाहेर बसल्या बसल्या शंका आली असावी. त्यानं ऐन वेळी आत्याच्या जागी आई घातली. गेल्या वर्षी माझी आई वारली, असं तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. आई त्याच्यासोबतच आली होती. जिन्याच्या पायरीवर डबा घेऊन बसली होती आणि लेकाच्या मुलाखतीसाठी मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होती. बाईंनी पुन्हा पेन खाली ठेवलं. त्याला दोन प्रश्न जास्तीचे विचारले.

आठव्याला काहीच आठवेना. तोंड उघडलं, मिटलं, घाम पुसला आणि 'वाकारिमासेन, गानबारिमासु' म्हणाला, म्हणजे 'मला कळत नाही, पण मी जीव तोडून करेन'. ही वाक्यं त्याला तिसऱ्या धड्यापासून पाठ होती, कारण वर्गात तो एवढंच बोलत असे. बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी पाच मिनिटं थांबायला सांगितलं. दुभाष्यानं मला पडद्यासमोर बोलावलं आणि अदबीनं विचारलं, की मॅडम, या सगळ्यांच्या आत्या एकाच आजारानं, एकाच वर्षी वारल्या, हे कसं?

तेव्हा सांगता आलं असतं. चूक माझी आहे, मी एकीचं उत्तर सगळ्यांना वाटलं, आणि ती एक शेवटी येणार आहे, तिचं खरं आहे. चार वाक्यं होती आणि ती हिंदीत बोलायची होती, जपानीचा प्रश्नच नव्हता. दारातून सर माझ्याकडे बघत होते. आणि सर नसते तरी मी सांगितलं असतं असं आज छातीवर हात ठेवून म्हणवत नाही, कारण जपानीच्या मॅडम ही पदवी मला आवडायला लागली होती. मी म्हणाले, "हमारे यहाँ संयुक्त परिवार होता है. हर घर में एक बुआ रहती है."

दुभाष्यानं ते बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "सोऽ देसु का."

पुढच्या तिघांचं पटापट उरकलं. मग ती आली. वाकली, अगदी पुस्तकात दाखवलंय तशी, हात मांडीला. बसली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. प्रश्न आला. मला वाटलं, ही आता दुसरं काही म्हणणार. पण दुसरं म्हणण्यापुरतं जपानी मी तिला शिकवलंच नव्हतं. ती म्हणाली, वाताशि नो ओबा वा, माझी आत्या.

बाईंनी हात किंचित वर केला. हसून, अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "हाई, वाकारिमाशिता." हो, समजलं. दुभाष्यालाही ते भाषांतर करावंसं वाटलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, की पुढचं म्हणू का. मी मान खाली घातली. ती उठली, वाकली, वर्गात सगळ्यात आधी तिलाच जमलेलं 'शित्सुरेई शिमास', म्हणजे 'माफ करा, निघते', म्हणाली आणि बाहेर गेली. तिची मुलाखत दीड मिनिटाचीसुद्धा झाली नाही.

निवड दोघांची झाली. जिवंत आईला मारणारा, आणि ज्याला काहीच आलं नाही तो. सरांनी दोघांचे फोटो मोठे करून खाली बोर्डावर लावले. जिन्यावरच्या आईनं पेढे वाटले; तिला लेकानं नेमकं काय सांगितलं ते अजूनही कुणी कळवलेलं नाही. आणि सरांनी या प्रकरणातून जो धडा घेतला तो असा, की पुढच्या बॅचला नातेवाईक वाटून द्यायचे. "हजेरी नंबर एक ते तीन आजी, चार ते सहा मामा, असं करा, मॅडम. और बिमारी भी अलग अलग." मी त्यांच्यावर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पहिलं लिहून तर तुम्हीच दिलं होतं."

चार दिवसांनी ती आपली मूळ कागदपत्रं न्यायला आली. सरांच्या कपाटातून मी ती काढून दिली. तिनं एकेक कागद मोजून पिशवीत ठेवला. भावानं पाहुण्यांना होकार कळवला होता, येत्या आठवड्यात सुपारी. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "चुकलं गं माझं. मी सांगायला हवं होतं त्यांना."

"व्हय," ती म्हणाली.

मला तेवढ्यावर थांबता यायला हवं होतं. पण लाज वाटली की मास्तरणीच्या हाताला काहीतरी काम लागतं. मी घाईघाईनं सांगायला लागले, की आणखी एका वृद्धाश्रमाची मुलाखत पंधरा दिवसांनी आहे, तुझ्या भावाशी मी स्वतः येऊन बोलते, सरांना फी मागू देत नाही. फक्त उत्तर बदलावं लागेल, कारण दुभाषा तोच असतो आणि त्यानं ते दहा वेळा ऐकलंय. तू काळजी करू नको, मी तुला नवीन लिहून देते, चांगलं, एकदम वेगळं. आणि टेबलावरचा कोरा कागद मी खरोखरच पुढं ओढला.

तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवं कुठून लिहिता, मॅडम?" ती म्हणाली. "माझ्याकडं तेवढंच होतं."